कोरडा हरभरा सजीव की निर्जीव? (सहावीच्या पेपरातला एक मार्क)

ऐरोलीकर_आई

नमस्कार मंडळी. विषय शाळेचा असला तरी शाळेला शिव्या घालायला धागा काढलेला नाही. शाळेचं नावही विचारू नका, सांगणार नाही.

लेक सहावीत आहे. चाचणी परीक्षेत प्रश्न होता: 'पुढीलपैकी निर्जीव ओळखा व कारण लिहा.' पर्याय: दगड, दूर्वा, मेणबत्तीची ज्योत, कोरडा हरभरा. तिनं दगड आणि ज्योत लिहिलं आणि खाली स्वतःहून एक ओळ टाकली, 'हरभरा जिवंत आहे, फक्त काही करत नाहीये.' मार्क गेला. अपेक्षित उत्तरात हरभराही निर्जीव होता. कारण? हालचाल नाही, वाढ नाही, श्वसन नाही.

मार्काचं दुःख तिला आहे, मला नाही. पण रात्री तिनं विचारलं, 'आई, मग तू भिजत घातल्यावर तो जिवंत कधी होतो? पाण्यात टाकल्या टाकल्या, की मोड आल्यावर?' तिथं माझी बोलती बंद. वर हेही आहे की ज्योत हलते, वाढते, हवा मागते, इंधन खाते, धूर सोडते, एकीवरून दुसरी पेटते. पुस्तकातली यादी लावली तर हरभऱ्यापेक्षा ज्योतच जास्त पास होते.

इथं जाणकार बरेच आहेत. मला तिला समजावता येईल असं काहीतरी सांगा. गुगलवरची व्याख्या नको, ती वाचून झाली.

---

सर्किटमामा

रबाळ्याला कारखान्यात क्वालिटीत आहे, त्यामुळे यादी दिसली की टिक करतो. नऊ लक्षणं आहेत ना? हालचाल, वाढ, श्वसन, पोषण, उत्सर्जन, चेतनाक्षमता, प्रजनन, पेशी, ठरावीक आयुर्मान. नऊच्या नऊ बसली तर सजीव, एक जरी चुकलं तरी रिजेक्ट. हरभरा कोरडा असताना सरळ रिजेक्ट होतो. शिक्षकांचं बरोबर आहे. उद्या मोड आला की पुन्हा तपासा, पास होईल. यात अवघड काय आहे?

---

लसूणचटणी

मामांच्या नियमानं आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी निर्जीव ठरतो. लिफ्ट बंद असल्याची तक्रार करा, चेतनाक्षमता शून्य. हालचाल एजीएमच्या दिवशीच. वाढ मात्र आहे, मेंटेनन्समध्ये. 😄

बाकी प्रश्न गंभीर आहे, बाईंची वाट बघतेय.

---

नौपाड्याच्या_बाई

आले, आले. तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, आता गुडघे शिकवतात.

आधी मामांना. नऊपैकी एक चुकलं की रिजेक्ट म्हणता, तर खेचराचं काय करणार? घोडी आणि गाढवाचं ते पिल्लू जवळजवळ नेहमीच वांझ असतं. कामकरी माशी पोळं बांधते, मध आणते, डंख मारते, प्रजनन राणीकडे. म्हणून ती निर्जीव? रस्त्यावरच्या वडाची वाढ उघड्या डोळ्यांना कुठं दिसते? ही यादी म्हणजे ओळखीच्या खुणा आहेत. व्याख्या नव्हे. 'पोलिसाला खाकी असते' हे खरं, पण साध्या वेषातला पोलीस हा पोलीसच.

आता ज्योत. ती इंधन घेते, पण त्यातून स्वतःचं अंग बांधत नाही. तिला आतबाहेर नाही. पेशीला पटल असतं. काय आत घ्यायचं, काय बाहेर टाकायचं हे ते पटल ठरवतं, आणि फाटलं तर पेशी ते सांधते. दुसरं म्हणजे, ज्योत दुसरी ज्योत पेटवते पण तिला काही वारसा देत नाही. तुपाच्या निरांजनावरून गॅस पेटवला तर गॅसच्या ज्योतीत तुपाचा काहीही गुण उतरत नाही. हरभऱ्यातून हरभराच येतो, वाटाणा येत नाही. त्या एका दाण्यात मुळाची, खोडाची, पानाची सगळी मांडणी लिहिलेली आहे आणि ती वाचणारी यंत्रणाही तिथंच आहे.

आणि लेकीचं वाक्य, 'जिवंत आहे, फक्त काही करत नाहीये', हे माझ्या मते पूर्ण मार्कांचं आहे. आम्ही त्याला सुप्तावस्था म्हणतो. वाळलेल्या बीत पाणी साधारण दहा टक्क्यांच्या आसपास राहतं. इतक्या कमी पाण्यात रासायनिक क्रिया इतक्या मंदावतात की साध्या उपकरणाला श्वसन सापडतच नाही. इस्राएलमधल्या मसादा किल्ल्याच्या उत्खननात खजुराच्या बिया सापडल्या होत्या, सुमारे 2000 वर्षं जुन्या. त्यातली एक 2005 साली लावली आणि तिला कोंब आला, झाड झालं. मेलेल्या वस्तूला कोंब येत नाही.

भिजवल्यावर नेमकं कधी? याला एक क्षण नाही. पाणी आत शिरताच काही मिनिटांत श्वसन वाढू लागतं, मोड दिसायला रात्र जाते. आणि त्याआधीही तो मेलेला नव्हताच.

---

परभणीकर_कामोठे

बाईंना +१.

हा प्रश्न शहरात पेपरात येतो, आमच्याकडं दर जूनला येतो आणि मार्काऐवजी पैसे जातात. घरचं सोयाबीन पेरायचं तर आधी बी 'जितं' आहे का ते बघावं लागतं. बघून कळत नाही. जिवंत दाणा आणि मेलेला दाणा, दोन्ही तसेच गोल, तसेच पिवळे.

पद्धत सोपी. गोणपाट ओला करायचा, शंभर दाणे ओळीनं दहा-दहा मांडायचे, वरून दुसरा ओला गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. आठवड्याभरात मोजायचे. सत्तरहून जास्त उगवले तर बी पेरायला बरं. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान उगवणक्षमता 70 टक्केच लागते. त्याखाली आलं तर एकरी बी वाढवायचं, फारच कमी आलं तर ते पेरायचंच नाही. सोयाबीनचं साल फार नाजूक. मळणी यंत्राचा वेग जास्त झाला, पोती उंचावरून आपटली, की आतला अंकुर दुखावतो. बाहेरून ओरखडाही दिसत नाही. माझे वडील पोत्यावर पोती रचू देत नाहीत, आणि हमाल कितीही घाईत असला तरी त्याच्याशी भांडतात.

म्हणजे बघा, शेतकरी बीला 'मेलं' म्हणतो. जे मरू शकतं ते आधी जिवंत होतं, एवढं तरी मान्य करा मामा.

रच्याकने, बियाणे प्रयोगशाळेत आठवडा थांबायला वेळ नसेल तर टेट्राझोलियम नावाचं रसायन वापरतात. बिनरंगी द्रावण. भिजवलेल्या बीचा काप त्यात ठेवला की श्वसन करणाऱ्या पेशी लाल होतात, मेलेला भाग पांढराच राहतो. अंकुराचं टोक लाल नसेल तर ते बी गेलं.

---

सर्किटमामा

परभणीकर, लाल झालं ते भिजवल्यावर. मी विचारतोय कोरडं असताना काय. बॅटरी काढलेलं घड्याळ चालत नाही. बॅटरी घातली की चालतं. म्हणून बॅटरी काढलेलं घड्याळ 'चालू' आहे असं कोणी म्हणत नाही. मग बीला ही सवलत का?

---

नौपाड्याच्या_बाई

घड्याळाची बॅटरी बाहेरून कोणीतरी घालतं, सर्किट. बीनं आपला डबा बरोबर आणलेला असतो. हरभऱ्याच्या त्या दोन डाळिंब्या म्हणजे साठवलेलं अन्नच. बाहेरून पाणी, हवा आणि जरा ऊब मिळाली की बी स्वतःच कामाला लागतं. उन्हाचीही गरज लगेच नसते, म्हणून तर मटकीला फडक्यात अंधारात मोड येतात.

तरी तुमचा प्रश्न मी उडवून लावत नाही. शास्त्रज्ञांनाही तो पडलेला आहे. टार्डिग्रेड नावाचा अर्धा-एक मिलिमीटरचा, आठ पायांचा जीव शेवाळात राहतो. पाणी आटलं की पाय आत ओढून गोळा होतो आणि त्याचे शरीरव्यवहार जवळपास थांबतात. 2007 साली असे वाळलेले टार्डिग्रेड एका यानातून अवकाशाच्या निर्वात पोकळीत दहा दिवस उघडे ठेवले होते. परत आणून पाणी दिलं, त्यातले बरेच चालू लागले. त्या दहा दिवसांत ते काय होते? 'जिवंत' आणि 'मृत' यांच्यामध्ये तिसरं घर मानावं लागतं. व्यवहार थांबलेत, पण मांडणी शाबूत आहे. मांडणी मोडली की मग मृत्यू.

---

लसूणचटणी

मग हरभऱ्याची डाळ सजीव की निर्जीव? आणि फुटाणे?

---

नौपाड्याच्या_बाई

फुटाणे मेलेले, वाद नको. तापलेल्या वाळूत आतली प्रथिनं बिघडली, आता कितीही पाणी घाला.

डाळीचा प्रश्न मात्र झकास आहे, माझ्या वर्गात कोणी विचारला नाही. दाणा भरडताना दोन डाळिंब्या सुट्या होतात आणि मधला टोकाशी असलेला इवलासा अंकुर गळून कोंड्यात जातो. म्हणून डाळ भिजवली तर फुगते, पण मोड येत नाही. डाळिंबीतल्या काही पेशी भरडल्यावरही काही काळ जिवंत असू शकतात, पण त्यांच्यातून रोप होणार नाही. पेशी जिवंत असणं आणि जीव जिवंत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्तपेढीतल्या पिशवीतल्या पेशी जिवंत असतात, पिशवीला कोणी माणूस म्हणत नाही. आज रात्री अख्खा हरभरा आणि डाळ शेजारी शेजारी भिजत घाल, लेकरांना दाखव.

---

चेंदणीकर

मी शास्त्र शिकलेला नाही, कोळीवाड्यात वाढलोय. तुम्ही सगळे बियांत अडकलात, ऐरोलीकर ताई खाडीच्या काठावर राहून खाडीत बघत नाहीत.

ओहोटीला खाजणात निवट्या बघितल्यात का? मासा आहे, पण चिखलावर टुणटुण उड्या मारतो, पुढच्या परांवर सरकतो, डोळे डोक्याच्या वर. पुस्तकात 'मासा कल्ल्यांनी पाण्यात श्वास घेतो' असं असतं. हा उघड्यावर कसा जगतो? अंग ओलं आहे तोवर कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवा घेतो, गालात पाणी धरून ठेवतो. अंग सुकलं की संपला. म्हणून दर थोड्या वेळानं लोळतो, लोकांना वाटतं खेळतोय. हात लावायला गेलात की बिळात. माझी आजी म्हणायची, निवटी पकडायची तर आधी सावली लपव. कालवण फर्मास होतं, तो विषय वेगळा.

तिवर घ्या, खाडीकाठचं खारफुटीचं झाड. चिखलातून बोटभर मुळं सरळ वर आलेली दिसतात. खालच्या काळ्या चिखलात हवा जवळजवळ नाही, म्हणून झाडानं मुळं वर काढली, त्यावरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते. आता भरतीबरोबर येणारं प्लास्टिक त्या मुळांवर बसतं, वर गाळ चढतो, मुळांना हवा मिळत नाही. पाणी भरपूर, ऊन भरपूर, खत म्हणाल तर अख्ख्या शहराचं सांडपाणी, तरी झाड वाळतं. गरजा चार असल्या तर तीन मिळून भागत नाही.

आणि उत्सर्जन. झाडं कुठं काय बाहेर टाकतात असं पोरं विचारतात. तिवराच्या पानाच्या मागून जीभ फिरवा. खारट. दुपारी उन्हात मिठाचे कण चमकताना दिसतात. खाऱ्या पाण्यातलं मीठ पुष्कळसं मुळंच अडवतात, उरलेलं पान बाहेर टाकतं.

---

कुंडीवाली_कोपरखैरणे

चेंदणीकर, काय लिहिलंय! वाचनखूण साठवली.

उत्सर्जनावरून आठवलं, अळूची खाज हीसुद्धा झाडाची उत्सर्जित वस्तूच ना? बारावीला वाचल्यासारखं वाटतंय.

आणि एक शंका, धाग्याला जोडूनच आहे. नर्सरीवाल्यानं स्नेक प्लांट विकताना सांगितलं की 'हे रात्री ऑक्सिजन देतं, बेडरूममध्ये ठेवा'. सासूबाई म्हणतात रात्री झाडाजवळ झोपू नये, झाडं रात्री श्वास घेतात. दोघांपैकी कोणाचं ऐकू?

---

नौपाड्याच्या_बाई

दोघांचंही अर्धंच ऐक.

झाडं फक्त रात्री श्वास घेतात हा समज महाराष्ट्रभर आहे. झाड चोवीस तास श्वसन करतं. दिवसा त्याच वेळी प्रकाशसंश्लेषणही चालू असतं आणि त्याचा पसारा मोठा, म्हणून हिशेबात ऑक्सिजन शिल्लक पडतो. रात्री उजेड नाही, प्रकाशसंश्लेषण बंद, श्वसन उरलं. पण कुंडीतलं रोप रात्रभरात जितका ऑक्सिजन घेईल त्याच्या कितीतरी पट शेजारी झोपलेला नवरा घेतो. त्याला बाहेर झोपवत नाहीस ना?

स्नेक प्लांट हे वाळवंटी स्वभावाचं झाड. दिवसा पानावरची छिद्रं उघडली तर पाणी उडून जाईल, म्हणून ते रात्री छिद्रं उघडतं आणि कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं. ऑक्सिजन तयार व्हायला प्रकाश लागतोच, तो दिवसाच तयार होतो. रात्री कार्बन डायऑक्साइड घेतं हे खरं, त्याचं 'ऑक्सिजन देतं' हे विक्रेत्यानं केलं. झाड छान आहे, पाणी कमी लागतं, ठेव.

अळू: हो. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक, सुरणातही असतात. झाडाला नको असलेली वस्तू साठवूनही ठेवली आणि खाणाऱ्याला अद्दलही घडली, अशी दुहेरी सोय. म्हणून आपण अळूच्या भाजीत चिंच घालतो.

जाता जाता गरजांबद्दल. 'झाडाचं अन्न माती' असं अजून कितीतरी मोठी माणसं समजतात. व्हॅन हेल्मोंट नावाच्या गृहस्थानं 200 पौंड वाळवलेली माती कुंडीत भरून 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. रोपाचं वजन 169 पौंड झालं आणि माती घटली जेमतेम 2 औंस. हे 1648 साली छापून आलं. त्यानं निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. तोही अर्धाच बरोबर, कारण झाडाच्या वाळलेल्या लाकडातला कार्बन हवेतून येतो. म्हणजे तुमच्या घरचा सागवानी पाट मुख्यतः हवा आणि पाणी आहे. मातीतून नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश अशी थोडकी पण अडून बसणारी क्षारद्रव्यं येतात.

---

घणसोलीचा_विद्यार्थी

एक विचारतो. सजीवाच्या गरजा म्हणजे अन्न, पाणी, हवा, निवारा असं आम्ही पाठ केलंय. हवा म्हणजे ऑक्सिजन. तो सगळ्यांनाच लागतो ना?

---

नौपाड्याच्या_बाई

नाही, आणि पुरावा तुझ्या घरच्या ओट्यावर आहे. इडलीचं पीठ रात्री फुगतं ते त्यातल्या जिवाणूंमुळे. ऑक्सिजनवाचून त्यांचं भागतं, साखरेचं आम्ल आणि वायू करून ते ऊर्जा मिळवतात. धनुर्वाताच्या जिवाणूला तर ऑक्सिजन चालतच नाही. म्हणून खिळा खोल रुतला की डॉक्टर इंजेक्शनची आठवण करतात; खोल, बंद जखम ही त्याची आवडती जागा.

हे जिवाणूंचं झालं. प्राण्यांत सगळ्यांना ऑक्सिजन लागतो असं आम्ही बेधडक शिकवायचो. 2020 साली सॅमन माशाच्या मांसात राहणारा एक परजीवी निघाला, जेलीफिशचा दूरचा नातलग, ज्याच्याकडे सूत्रकणिकेचा, म्हणजे पेशीतल्या ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढणाऱ्या भागाचा, जनुकसंचच उरलेला नाही.

उजेडाचंही तसंच. 1977 साली गालापागोस बेटांजवळ समुद्रात अडीच किलोमीटर खोल, गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती जिवांची वस्ती सापडली. तिथं सूर्य पोचत नाही. जिवाणू हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा काढतात आणि त्यांच्यावर बाकीचे पोसले जातात. मात्र तिथल्या मोठ्या नळकृमींना ऑक्सिजन लागतो, आणि तो वरच्या उजेडातल्या वनस्पतींनीच तयार केलेला असतो. त्यामुळे 'सूर्याशिवाय जग' ही बातमी थोडी सांभाळून वाच.

पाठ करायचंच असेल तर असं कर: ऊर्जा, शरीर बांधायला द्रव्य, पाणी, आणि राहायला सोसवेल अशी जागा. पाण्याला सूट अजून कोणाला मिळालेली नाही. टार्डिग्रेडही पाण्याविना टिकतो, पाण्याविना जगणं त्याला जमत नाही.

---

सीवूड्सचा_दुर्बीणवाला

'जागा' या शब्दावर दोन ओळी. ठाणे खाडीत फ्लेमिंगो येतात हे सगळ्यांना माहीत. 2015 ला अभयारण्य झालं, 2022 ला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, नाव आलं. लोक समजतात खाडी राखली की काम झालं. छोटा रोहित (फ्लेमिंगोचीच एक जात) ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर चोच उलटी धरून शेवाळ गाळून खातो. भरती आली की तो चिखल पाण्याखाली. तेवढे तास पक्ष्यांना उथळ पाण्यात उभं राहायला दुसरी जागा लागते, ती म्हणजे सीवूड्स-नेरूळकडची तळी. जेवणाची जागा शिल्लक आणि विसाव्याची गेली, तरी पक्षी येणार नाही. त्याचा गुलाबी रंगसुद्धा त्या शेवाळातल्या रंगद्रव्याचा आहे, पिल्लं करडी असतात. म्हणजे पोषण बदललं की 'लक्षण'ही बदलतं.

तळ्यांवर भराव टाकण्याबद्दल माझं मत छापण्याजोगं नाही.

---

सर्किटमामा

बरं, बी सोडतो. विषाणू? आणि जगदीशचंद्र बोसांनी धातूलासुद्धा प्रतिसाद असतो असं दाखवलं होतं. मग लोखंड सजीव?

---

परभणीकर_कामोठे

मामा काही सोडत नाहीत. 😀

---

नौपाड्याच्या_बाई

बोसांनी 1901 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये स्नायू, वनस्पती आणि धातू यांना विजेचे धक्के आणि विष दिल्यावर उमटणारे आलेख शेजारी शेजारी ठेवले. धातूही 'थकतो', विश्रांतीनंतर सावरतो, असं ते आलेख होते. त्यावरून एवढंच ठरतं की नुसता प्रतिसाद ही खूण पुरेशी नाही. धातू त्या प्रतिसादातून स्वतःला दुरुस्त करत नाही, खात नाही, पोर काढत नाही.

विषाणू: वेंडेल स्टॅन्ली यांनी 1935 साली तंबाखूच्या रोगाच्या विषाणूचे स्फटिक केले. बाटलीत भरून फळीवर ठेवा, काही करत नाही. पानावर चोळा, रोग परत. बीशी साम्य वाटेल, पण बीकडे स्वतःची पेशी आहे, स्वतःची यंत्रणा आहे. विषाणूकडे फक्त मजकूर आहे, छापखाना दुसऱ्याचा. परीक्षेत 'सजीव-निर्जीवाच्या सीमारेषेवर' लिहावं आणि पुढं जावं.

आणि यादीवर तुमची भिस्त आहे म्हणून सांगते. 1976 साली वायकिंग यानं मंगळावर उतरली तेव्हा नेमकी अशीच तपासणी नेली होती. मातीत पोषक द्रव घालायचा, कोणी खाऊन वायू सोडतं का बघायचं. वायू निघाला! पण दुसऱ्या उपकरणाला त्या मातीत जिवांना साजेशी सेंद्रिय द्रव्यं दिसली नाहीत. बहुतेकांनी ती मातीतल्या तीव्र रसायनांची करामत ठरवली. 2008 मध्ये फीनिक्स यानाला तिथं परक्लोरेट हे असंच एक रसायन सापडलंही. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही.

---

सर्किटमामा

म्हणजे इन्स्पेक्शन चुकीचं नव्हतं, पॅरामीटर अपुरे होते. हे मला पटण्यासारखं आहे. पेपर तपासणाऱ्यानं मात्र मॉडेल आन्सरनंच तपासायचं, यावर मी ठाम.

---

ऐरोलीकर_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. चेंदणीकर दादा, रविवारी ओहोटीला खाडीकडं जातोय, निवट्यांना लांबूनच बघू.

लेकीनं काल डाळ आणि अख्खा हरभरा शेजारी भिजवला. तिचा पुढचा हट्ट: हरभरा श्वास घेतो हे दिसलं पाहिजे. घरात करता येईल असं काही आहे का?

---

नौपाड्याच्या_बाई

आहे. हरभऱ्यापेक्षा मूग घे, लवकर होतात.

दोन सारखे थर्मास. एकात नुकते मोड आलेले मूग. दुसऱ्यात तेवढेच मूग, पण उकळून गार केलेले. उकळलेले भरण्याआधी घरातल्या जंतुनाशकानं धुवून घे, नाहीतर त्यावर बुरशी-जिवाणू वाढतील आणि त्यांच्या श्वसनानं तोही थर्मास तापेल. दोन्हींची तोंडं कापसानं बंद कर, झाकणानं नको, आतल्यांना हवा लागते. कापसातून थर्मामीटर आत सोड. तापाचा काचेचा नको, तो पस्तिसाच्या खालचं दाखवत नाही. स्वयंपाकघरातला किंवा फिशटँकचा चालेल. दुसऱ्या दिवशी मोडाचा थर्मास काही अंशांनी जास्त गरम निघेल. श्वसनातली ऊर्जा सगळी वाढीला लागत नाही, बरीच ऊब होऊन बाहेर पडते.

वायू पाहायचा असेल तर पानाच्या टपरीवरून चुना आण, चमचाभर बाटलीभर पाण्यात ढवळ, रात्रभर निवळू दे, वरचं नितळ पाणी घे. मोड आलेले मूग एका बरणीत, त्यातच छोट्या वाटीत ते पाणी, वर घट्ट झाकण. काही तासांत पाण्यावर पांढुरकी साय धरेल, तो कार्बन डायऑक्साइड. उकळलेल्या मुगांच्या बरणीतलं पाणी तितकं पांढरं होणार नाही. चुन्याचं पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका, हाताळताना मोठं माणूस जवळ हवं.

---

लसूणचटणी

थर्मासमधले मूग नंतर उसळीला चालतात का?

---

नौपाड्याच्या_बाई

मोड आलेले, वास बरा असेल तर चालतात. जंतुनाशकात धुतलेले टाकून द्या.